गाजरगवतावर पीएचडी: विषय मातीतल्या बियांचा घ्या

एकाने विचारलंय, की गाजरगवतावर पीएचडीसाठी तणनाशकांच्या चाचण्यांपलीकडे काय करता येईल. मातीतला बियांचा साठा घ्या. १९५५च्या सुमारास पुण्यात नोंदलं गेलेलं हे तण अजून हटत नाही, याचं मोठं कारण तिथेच आहे.

मेअखेर, पावसाआधी, ०-५ आणि ५-१० सेंमी थरांतली माती वेगवेगळी काढा. ट्रेमध्ये निर्जंतुक वाळूवर तिचा पातळ थर पसरून ओलावा टिकवा. उगवलेली रोपं मोजून उपटा, माती हलवून पुन्हा मोजा. नुसत्या वाळूचे दोन-तीन ट्रे शेजारी हवेतच, नाहीतर वाऱ्याने आलेलं बी तुमच्याच मोजणीत जाईल. न उगवलेलं बी मेलेलं समजू नका. बी जिवंत आहे का, हे रंगावरून दाखवणारी टेट्राझोलियम चाचणी करा.

सगळ्यात जास्त काम फसतं ते एकाच शेतात माती काढायला आखलेले दहा चौकोन दहा स्वतंत्र नमुने धरल्यामुळे. शेतं वाढवा, चौकोन नव्हे. हातमोजे, मास्क हवेच. या गवताची त्वचेला आणि श्वासाला ॲलर्जी होते.

मार्गदर्शक कृषी विद्यापीठांच्या कृषिविद्या विभागात शोधा, वनस्पतिशास्त्रातही. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय जरूर पाहा. हे गवत खाणारा मेक्सिकन भुंगा मुद्दाम सोडलेली जागा मिळाली, तर तुलनेला सोनं!