मदत हवी आहे: आईची नागरिकत्वाची मुलाखत लिंकनवर अडलीय

आई (वय ६३, ग्रीन कार्डला १७ वर्षं झाली) पुढच्या महिन्यात अमेरिकन नागरिकत्वाच्या मुलाखतीला जातेय. वय ५५ च्या वर आणि ग्रीन कार्ड १५ वर्षांहून जुनं, म्हणून इंग्रजी माफ. इतिहास-नागरिकशास्त्राची उत्तरं दुभाष्यामार्फत मराठीत द्यायची. सिनेट, सुप्रीम कोर्ट सगळं तोंडपाठ आहे.

‘लिंकनने केलेली एक महत्त्वाची गोष्ट?’ याला मी ‘गुलामांना मुक्त केलं’ असं पढवलं. पण आई निवृत्त इतिहासशिक्षिका. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, तेव्हा हा धडा तिला घरचाच वाटतो. ती म्हणते, १ जानेवारी १८६३ ची लिंकनची गुलाममुक्तीची घोषणा बंडखोर राज्यांपुरतीच होती. केंटकी, डेलावेअरमधले गुलाम त्या घोषणेने सुटले नाहीत. देशभरातली गुलामी संपली डिसेंबर १८६५ मध्ये, १३व्या घटनादुरुस्तीने. लिंकनला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. “मग अर्धवट उत्तर का देऊ?”

दुसरी पंचाईत म्हणजे दुभाषी म्हणून येणारे शेजारचे काका सिव्हिल वॉरला ‘गृहयुद्ध’ म्हणतात, आई ‘यादवी’. गृहयुद्ध म्हटलं की ती माझ्याकडे आणि बायकोकडे बघते!

शिवाय राष्ट्राध्यक्ष विल्सन आणि रूझवेल्ट यांची महायुद्धं उलटसुलट होतात. काही युक्ती?

प्रतिसाद १: काकूंना नमस्कार, त्यांचं बरोबर आहे. लिंकनच्या प्रश्नाला एकच गोष्ट पुरते. ‘देश फुटू दिला नाही’ किंवा ‘यादवी युद्धात देशाचं नेतृत्व केलं’ म्हणू द्या. घोषणेवर वेगळा प्रश्न आहे आणि ‘दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त केले’ हे उत्तर सरकारी यादीतच आहे. काकांबरोबर दोन-तीनदा तालीम करा, शब्द आधीच ठरवून टाका.

प्रतिसाद २: रूझवेल्टच्या प्रश्नात दुसऱ्या महायुद्धाबरोबर महामंदीही असते. मंदी ऐकू आली की फ्रँकलिन रूझवेल्ट. नुसतं पहिलं महायुद्ध असेल तर विल्सन. थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्येच पायउतार झाला होता, त्याला यात आणूच नका.

धागाकर्ता: आभार! ‘देश फुटू दिला नाही’ आईला पटलं. काका ‘यादवी’ म्हणायला तयार आहेत, पण आता आई त्यांना यादवांची गोष्ट सांगत बसलीय.