मिसळीच्या कटात न विरघळणारा ब्रेड घरी कसा करावा? मदत हवी आहे

कोल्हापूरकर असाल तर पाल्हाळ सोडून सरळ शेवटच्या परिच्छेदावर या. बाकीच्यांसाठी थोडी पार्श्वभूमी.

आमच्याकडे मिसळीबरोबर पाव नसतो, ब्रेडचे जाड स्लाइस असतात. स्लाइसचा तुकडा कटात बुडवायचा, तो गच्च भिजला पाहिजे आणि तरी वाटीतून तोंडापर्यंत अख्खा पोचला पाहिजे. बेकरीचा साधा ब्रेड हे रोज करतो. माझ्या घरच्या ब्रेडला ते अजून एकदाही जमलेलं नाही.

गेल्या वर्षी ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) घेतला. केक, नानकटाई, खारी (खारी एकदाच, परत नाव काढलं नाही) असं करत करत ब्रेडवर आलो. माझं प्रमाण असं: मैदा 300 ग्रॅम, दूध 200 मिली, लोणी 40 ग्रॅम, साखर 30 ग्रॅम, मीठ 5 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 5 ग्रॅम. लोण्यासकट सगळं एकदम मळायचं, साधारण सात-आठ मिनिटं. दूध गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं, समोर म्हशीची धार काढून देतात ते. घरी आणून निरसंच वापरतो, म्हटलं यापेक्षा ताजं काय मिळणार.

चहाबरोबर हा ब्रेड झकास लागतो. कटात मात्र तीन मोजेपर्यंत लगदा. आण्णांनी (वडील, वय 74, दर रविवारी मिसळ, डॉक्टरांना सांगू नका) बोटानं तो लगदा गोळा केला आणि म्हणाले, "ह्यो ब्रेड हाय का भिजवल्याला कापूस?"

दुसऱ्या खेपेला दूध-लोणी दोन्ही काढून टाकलं, नुसतं पाणी. वरचा पापुद्रा असा झाला की कट आत शिरेचना. आण्णा म्हणाले, "ह्याची चप्पल कर."

मग वाटलं, मैद्यातच खोट असेल. लक्ष्मीपुरीत गेलो. दुकानदारानं विचारलं, "पुऱ्या का शंकरपाळी?" ब्रेड म्हटल्यावर त्यानं मला नीट न्याहाळलं. "बेकरी काढताय?" नाही, घरी. "घरी ब्रेड? कोपऱ्यावर मिळतोय की ओ." तरी बेकऱ्यांना जातो त्या पोत्यातला दोन किलो मैदा काढून दिला, भला माणूस. तिथूनच आमच्या नेहमीच्या बेकरीत गेलो. दिवाळीत आई रवा-तूप-साखर देऊन नानकटाई भाजून आणायची तीच बेकरी, त्यामुळे ओळख जुनी. भट्टीवरच्या मामांना प्रमाण विचारलं तर हसले. "आमचं माप पोत्यावर असतंय. तुमच्या 300 ग्रॅमला काय सांगू?" पण ओल्या यीस्टचा लिंबाएवढा गोळा प्लॅस्टिकमध्ये बांधून दिला, पैसे घेतले नाहीत. (ओलं यीस्ट इन्स्टंटच्या तिप्पट घ्यायचं, हे मला माहीत होतं.) ब्रेड फुगला छान. कटात पुन्हा तेच.

शेवटी घरचा कट पातळ असेल, दोष ब्रेडचा नसेल, अशी स्वतःची समजूत घालून घरचे चार स्लाइस पिशवीत घातले आणि उद्यमनगरात मिसळ खायला गेलो. एका वाटीत त्यांचा स्लाइस, एका वाटीत माझा. वाढणारा पोरगा बघत उभा राहिला. "काका, ब्रेड घरनं आणलाय? मग कट पण घरनंच आणायचा की!" शेजारच्या टेबलावरचेही हसले. त्यांचा स्लाइस टिकला. माझा गेला.

एक राहिलंच. ब्रेड बाहेर निघाल्यावर मला दम धरवत नाही, दहा मिनिटांत कापतो. आतून किंचित चिकट असतो, पण तो ताजेपणाचा भाग असावा असं वाटतं.

तर प्रश्न: चुकतंय कुठं? मैदा, दूध, मळणं, का ओटीजी? बेकरीवाले काही पावडर घालतात का? आणि सध्या पाऊस आहे, पीठ फुगायला दोन-दोन तास लागतात, त्याचा काही संबंध?

सदाशिवपेठी: पाव घ्या. प्रश्न मिटला.

कट_वाढा: वरच्यांना कोणीतरी पांढरा रस्सा पाजा रे.

ओटीजी_बाई: दादा, तुमच्या प्रश्नातच निम्मी उत्तरं आहेत.

सगळ्यात आधी ते निरसं दूध. प्यायला अमृत असेल, ब्रेडला नको. न तापवलेल्या दुधातली काही प्रथिनं पिठाची ताकद कमी करतात. उकळी येईपर्यंत तापवा, पूर्ण गार करा, मग वापरा. शिवाय ते म्हशीचं, म्हणजे स्निग्धांश भरपूर, वर तुमचं 40 ग्रॅम लोणी. इतक्या स्निग्धांशानं ब्रेड केकसारखा भुसभुशीत होतो आणि केक कटात बुडवला तर काय होणार? निम्मं दूध, निम्मं पाणी करा. लोणी 15 ग्रॅम पुरे.

लोणी सुरुवातीला घालू नका. आधी पीठ नुसतं मळा, हातानं किमान पंधरा मिनिटं. छोटा गोळा दोन्ही हातांनी ताणून उजेडाला धरायचा. न फाटता पापुद्रा झाला आणि पलीकडचा उजेड दिसला की लोणी घालायचं. स्लाइस भिजल्यावर त्याला धरून ठेवते ती ही मैद्यातली चिवट जाळी. सात-आठ मिनिटांत ती नीट होत नाही. मोठी भोकं राहतात, कट त्यातून आरपार जातो.

आणि गरम ब्रेड कापणं बंद! चिकटपणा ताजेपणाचा नाही हो. आतला स्टार्च गार होताना घट्ट होतो, त्याला वेळ द्या. कटासाठी तर आदल्या दिवशीचाच ब्रेड हवा. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, कोरडा पडेल.

भट्टीजवळचा: पावडरीबद्दल. पूर्वी पोटॅशियम ब्रोमेट वापरायचे, त्यावर 2016 साली आपल्याकडे बंदी आली. आता जी मिळते तिच्यात बहुधा एन्झाइम आणि क जीवनसत्त्व असतं. घरी गरज नाही. हौसच असेल तर क जीवनसत्त्वाच्या गोळीचा अगदी कणभर चुरा. संत्र्याच्या चवीची चघळायची गोळी घालू नका, मी घातली आहे.

पावसाचं म्हणाल तर दमट हवेत मैदा आधीच ओल धरतो, दोन-तीन चमचे पाणी हातचं राखा. गारव्यानं फुगायला वेळ लागणारच, घड्याळ बघू नका, पीठ दुप्पट झालंय का बघा. बंद ओटीजीत गरम पाण्याची वाटी ठेवून आत पीठ ठेवलं तरी चालतं.

मूळ धागाकर्ता: ओटीजी_बाई, निरशा दुधाचं डोक्यातच आलं नव्हतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, दूध तापीव म्हणून." (आमच्याकडे बायकाही "म्हणत होतो" म्हणतात, गोंधळू नका.) शनिवारी संध्याकाळी करतो.

कट_वाढा: रविवारी फोटो टाका. आण्णांचाही.

मूळ धागाकर्ता: झालं ते सांगतो. शनिवारी दूध तापवून गार केलं, 100 मिली दूध, 90 मिली पाणी, लोणी 15 ग्रॅम आणि तेही शेवटी. अठरा मिनिटं मळलं, हात भरून आले. पापुद्रा दुसऱ्या प्रयत्नाला दिसला. ब्रेड ओटीजीत असताना पाच मिनिटं लाइट गेली, तेव्हा दार न उघडता देवाचं नाव घेत बसलो. रात्री फडक्यात गुंडाळून ठेवला. कापायचा मोह झाला होता, आईनं सुरी लपवली.

सकाळी मिसळ. पहिला तुकडा बुडवला, उचलला, आला! तळाशी किंचित सुटला, पण आला. आण्णांनी एक स्लाइस संपवला, काही बोलले नाहीत. दुसरा घेतला. मग वाटी पुढं करून म्हणाले, "कट वाढ." फोटो काढू दिला नाही.

आता नवीन अडचण. गार झाल्यावर ब्रेडच्या दोन्ही कडा कमरेत आत गेल्या आहेत, स्लाइस डमरूसारखा दिसतो. भाजणं कमी पडलं का?

ओटीजी_बाई: हो, लाइट गेली तिथंच. वरचा रंग बघून काढू नका, स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधोमध 93 ते 96 अंश आलं पाहिजे. आणि भाजून झाल्याबरोबर टिनमधून काढून जाळीवर ठेवा. टिनमध्येच राहिला तर वाफ कोंडून कडा बसतात.

मूळ धागाकर्ता: टिनमध्येच ठेवला होता. अर्धा तास.

सदाशिवपेठी: डमरू स्लाइस पुण्याला पाठवा, पावाऐवजी खाऊन बघतो.