मागच्या अंगणात २० बाय १४ चा लाकडी डेक, बजेट ७५ हजार. जमेल का?

ऐरोलीकरीण

नमस्कार मंडळी. ऐरोलीत आमचं रो-हाउस आहे, मागे २० बाय १४ फुटांचं मातीचं अंगण. स्वयंपाकघराच्या दारातून खाली १३ इंच उतरावं लागतं, मध्ये एक दगड ठेवलाय तीच पायरी. मार्चमध्ये सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. वॉकर घेऊन त्या दारापर्यंत येतात, उंबऱ्याशी थांबतात आणि तिथूनच समोरच्या भिंतीजवळच्या पारिजातकाकडे बघत राहतात. झाड त्यांनीच लावलेलं. पहाटे सडा वेचायचा नेम त्यांनी इतकी वर्षं चुकवला नव्हता. यंदा फुलं यायच्या आत मला त्यांना झाडापर्यंत न्यायचंय.

रॅम्प करून बघितला, कागदावर. इंचाला फूट उतार धरला तर १३ फूट लांबी लागते, म्हणजे अंगण तिथेच संपलं. भराव टाकून फरशी केली तर भिंतीला ओल येणार आणि झाडाचा बुंधा फूटभर गाडला जाणार, ते मला नकोच आहे. म्हणून उंबऱ्याच्या पातळीत डेक.

एका दुकानाने डब्ल्यूपीसीचा (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या फळ्यांचा) सांगाड्यासकट १ लाख ६८ हजार भाव दिला. माझ्याकडे भिशीचे ७५ आहेत. मिस्टर म्हणतात रबाळे एमआयडीसीत पॅलेटच्या, म्हणजे कारखान्यात माल ठेवायच्या लाकडी चौकटींच्या, फळ्या स्वस्त मिळतात. त्या टिकतील का? सांगाडा कसला करू? खाडी जवळ आहे, गेटची कडी दोन वर्षांत गंजून जाते, हे आधीच सांगते.

नेरूळचा फॅब्रिकेटर

ताई, जमेल. पैसे सांगाड्यात घाला, लाकडात वाचवा. फळी कुजली तर चार स्क्रू काढून बदलता येते, सांगाडा गेला तर सगळंच उचकटावं लागतं.

खाडीची हवा असेल तर साध्या लोखंडाऐवजी जीआय, म्हणजे जस्ताचा थर चढवलेला, पाइप घ्या. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच धरतो, म्हणून प्रत्येक जोड घासून त्यावर झिंकचा रंग दोन हात मारून घ्या, समोर उभं राहून. पाइपची उघडी तोंडं बंद करायला लावा. स्क्रू स्टेनलेसचेच.

आता मापं. पाइप ६ मीटरचा येतो, म्हणजे २० फुटांना चार इंच कमी. डेकची लांबी तेवढीच धरा आणि पाइप लांबीच्या दिशेने टाका. १४ फुटांत फुटाफुटावर १५ पाइप बसतात, अख्खेच्या अख्खे. रुंदीच्या दिशेने टाकले तर प्रत्येकामागे सहा फुटांचा तुकडा उरतो. वरचे पाइप ५० बाय २५ एमएमचे, २ एमएम जाडीचे, उभे ठेवून. त्यांच्याखाली दर चार फुटांवर ५० बाय ५० चे. पाय मातीत पुरू नका, काँक्रीटच्या ठोकळ्यावर प्लेट टाकून उभे करा. भरावाची जमीन असेल तर ठोकळ्याखाली माती नीट धुम्मस करून घ्या. सगळं मिळून ३०० किलोच्या आसपास. भाव रोज हलतो, पण किलोला ८० धरले तरी २४ हजार.

पॅलेटवर शिक्का बघून घ्या. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं. ‘एमबी’ असेल तर नको, त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. पण तापवल्याने आतली कीड मरते, पुढे वाळवी लागायची थांबत नाही. माझ्या स्वतःच्या गच्चीवरच्या पाइनच्या फळ्या तिसऱ्या पावसाळ्यात मऊ पडल्या, नखाने दाबलं तरी खळगा पडायचा. म्हणून दारापासून झाडापर्यंत चार फुटी पट्टा साल लाकडाचा किंवा जुन्या सागाचा करा, बाकी पॅलेट. आजींचा पाय जिथे पडणार तिथे काटकसर नको. जाडी मात्र दोन्हींची एकच करून घ्या, रंधा मारून, नाहीतर वॉकर अडखळेल. फळ्यांत पाच-सहा एमएम फट, आणि कापलेल्या प्रत्येक टोकाला ब्लॅक जपान, म्हणजे डांबरी काळा रंग.

कळव्याची सुलभामावशी

ड्रेनेजचा चेंबर कुठे आहे ते बघितलंस का गं? आमचा डेकखाली गेला. जुलैत तुंबला, धो धो पाऊस, आणि सुताराला बोलावून सहा फळ्या कापाव्या लागल्या. झाकणाच्या वर उचलता येईल असा तुकडा ठेव. आणि पावसाळ्यात शेवाळ धरतं, दर आठवड्याला खराट्याने घासावं लागतं. ओल्या फळीवर वॉकर नेऊच नकोस.

ऐरोलीकरीण

मावशी, बरं झालं विचारलंत. चेंबर स्वयंपाकघराच्या दाराला लागूनच निघाला, म्हणजे बरोब्बर त्या चार फुटी पट्ट्याखाली! आता पट्टा दाराच्या उजवीकडे सरकवतेय आणि चेंबरवर अडीच बाय अडीचचं झाकण करणार. कडेला हाताला धरायला पाइपचा कठडाही घेतेय, तो विसरलेच होते.

दादा, आज सासूबाईंना दाराशी उभं करून वॉकरची रुंदी मोजली. २३ इंच भरली, शेजारी मी चालायला जागा उरते. बुंध्याभोवती किती सोडू असं त्यांनाच विचारलं, तर म्हणाल्या, वीतभर तरी सोड, झाड अजून जाड होणार आहे. तर चारही बाजूंनी नऊ इंच. शनिवारी कळंबोलीच्या लोखंड बाजारात जातोय पाइपचा भाव काढायला.