बाली: पर्यटनामुळे परंपरा तगली की विकली गेली?

दर्यावर्दी (धागालेखक)

बाली म्हटलं की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक, 'बघा, आपली संस्कृती तिकडे जपली आणि आपण सोडली.' दुसरा, 'सगळा बाजार झालाय, देवळाला तिकीट, नाचाला तिकीट.' मला दोन्ही पटत नाहीत. बालीची माणसं गेली शंभर वर्षं पर्यटनाशी भांडत आली आहेत आणि तिथल्या परंपरा आज जिवंत दिसतात त्यात या भांडणाचा मोठा वाटा आहे, असं माझं म्हणणं.

न्येपी घ्या. तो त्यांच्या शके वर्षाचा पहिला दिवस. २०२३ साली न्येपी आणि आपला पाडवा एकाच दिवशी, २२ मार्चला आले होते. शके १९४५ त्यांचं आणि आपलंही. ते लोक आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह नावाचे अक्राळविक्राळ पुतळे वाजतगाजत फिरवतात आणि मग चोवीस तास कडकडीत बंद. आग पेटवायची नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळ बंद. २०१८ पासून मोबाइलवरचं इंटरनेटही बंद. २०२४ साली ६० लाखांहून जास्त परदेशी पाहुणे आलेलं हे बेट, पण त्या दिवशी पाहुण्यांनी हॉटेलबाहेर पाऊल टाकायचं नाही. गस्तीला पेचालांग, म्हणजे गावाचे पारंपरिक रखवालदार. पाडव्याला मुंबईचा विमानतळ बंद ठेवायचा ठराव कुणी मांडून तर बघा!

दुसरं उदाहरण पेंडेत नाचाचं. हा देवळातला, देवतांच्या स्वागताचा नाच. पुढे तो पाहुण्यांच्या स्वागतालाही होऊ लागला. तेव्हा जाणकार बिथरले, की देवाचा नाच हॉटेलात कसा? म्हणून साठच्या दशकाच्या अखेरीस पाहुण्यांसाठी वेगळा 'पान्येंब्रामा' बसवला. १९७१ मध्ये तर नाचांत पवित्र कुठले आणि करमणुकीचे कुठले यावर चर्चासत्रच भरवलं. विकायचं काय आणि नाही काय, ही रेघ इतक्या उघडपणे आणखी कुणी आखली आहे?

तिरकस

दर्यावर्दी, तुमची गोष्ट अर्धीच सांगून झाली. तो पान्येंब्रामा पुढे देवळात शिरला! पाहुण्यांसाठी बसवलेला नाच पोरी देवापुढेही करू लागल्या. रेघ आखली खरी, पण ती दोन्हीकडून ओलांडली गेली.

आणि उलुवातूच्या देवळाजवळ समुद्रावर सूर्य बुडताना 'चाक-चाक-चाक' करत शेपन्नास पुरुष रामायण सादर करतात, तो केचाक. आपली मंडळी 'हजारो वर्षांची परंपरा' म्हणून रील टाकतात. तो १९३० च्या दशकातला आहे. सांगह्यांग या अंगात येण्याच्या विधीत जो पुरुषांचा कोरस असतो तो उचलला आणि उबुदला राहणारा जर्मन चित्रकार वाल्टर श्पीस आणि वायान लिंबाक हा नर्तक यांनी त्याला रामायण जोडून प्रयोग तयार केला. पाहणारे परदेशी होते म्हणूनच.

त्याच्याही मागे जा. २० सप्टेंबर १९०६ ला डचांनी देनपासारवर, म्हणजे बालीच्या आजच्या राजधानीवर, चाल केली तेव्हा बाडुंगचा राजा पांढरी वस्त्रं नेसून कुटुंबकबिल्यासह तोफाबंदुकांसमोर चालत गेला. पुपुतान म्हणतात त्याला. शेकडो माणसं मेली, जगभर छीथू झाली. आणि मग त्याच डचांना बालीच्या संस्कृतीचा पुळका आला! जहाज कंपनीने प्रवासी आणायला सुरुवात केली, १९२८ मध्ये देनपासारला बाली हॉटेल उभं राहिलं. 'देवळांचं, नाचांचं, निरागस बेट' हे चित्र तेव्हा रंगवलं गेलं. बालीकर आज त्या चित्रासारखं वागतात, कारण पोट त्यावर आहे.

गोदाकाठ

चर्चा चांगली आहे, पण श्रद्धेचा मुद्दा कुणी काढतच नाहीये. जगातल्या सगळ्यांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशात एक बेट शेकडा ८५ हून जास्त हिंदू राहिलं, हे नाचांमुळे झालेलं नाही. शाळेतली मुलं त्रिसंध्या म्हणतात, तिची सुरुवात गायत्रीने होते. इंडोनेशियाच्या नोटेवर गणपती आहे. आपल्याकडे किती घरांत संध्या होते, हात वर करा. तिकीट लावलं म्हणून श्रद्धा खोटी ठरत नाही. शिर्डी-तिरुपतीला पैसे भरून दर्शन घेतोच की आपण.

निशिगंध

गोदाकाठकाका, नमस्कार. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं देनपासारला काढली, म्हणून लिहिते. ती गणपतीची वीस हजार रुपियाची नोट १९९८ ची, २००८ च्या अखेरीस चलनातून गेली. व्हॉट्सॲपवर मात्र अजून खपते.

'आपली संस्कृती' म्हणण्याआधी तिथलं ताट बघा. सणाला डुक्कर भाजतात, लावार नावाच्या मांस-भाजीच्या पदार्थात ताजं रक्त घालतात, न्येपीच्या आधी भूतांना बळी देतात. देवळात रोज पूजा घ्यायला मूर्ती असेलच असं नाही. पद्मासन नावाचं रिकामं दगडी आसन असतं, देव सणाला येऊन बसतो. आपल्याकडून गेलेल्या आजीला मी हे सांगितलं तर ती पहिल्यांदा गप्प झाली आणि मग म्हणाली, 'मग हे आपले कसे?' ते त्यांचे आहेत, एवढंच. त्यांना भारताकडून प्रमाणपत्र नको असतं.

सरस्वतीच्या दिवशी मात्र मला घर आठवायचं. पुस्तकं पूजेला मांडतात आणि त्या दिवशी वाचत नाहीत. फक्त तो दर २१० दिवसांनी येतो, कारण त्यांचं पावुकोन पंचांग तेवढ्या दिवसांचं.

तिरकस, 'चित्रासारखं वागतात' हे बाहेरून म्हणायला सोपं आहे. माझी शेजारीण पहाटे उठून नारळीच्या झावळीच्या चानांग, म्हणजे देवाला वाहायच्या फुलांच्या छोट्या परड्या, विणायची आणि घराच्या उंबऱ्यावर, विहिरीवर, दुकानाच्या गल्ल्यावर, स्कूटरवर ठेवायची. स्कूटरवर कुणी पाहुणा बघत नव्हता. बंजारच्या, म्हणजे वाडीच्या, कामाला गेलं नाही तर दंड भरावा लागतो. तिचा नवरा हॉटेलात होता, शिफ्ट बुडवता यायची नाही, मग दंड भरायचा. सणांसाठी रजा मागतात म्हणून काही मालक शेजारच्या जावा बेटावरची माणसं घेणं पसंत करतात, असं तिथे सर्रास बोललं जातं. पर्यटनाची खरी झळ ही. नाच विकला की नाही ही फार वरवरची भानगड.

माळरान

निशिगंधताईंनी दार उघडलं, म्हणून आत शिरतो. सगळे नाचाबद्दल बोलताय, पाण्याबद्दल कुणीच नाही. मी शेतकऱ्याचा पोरगा, मला बालीत बघण्यासारखं एकच दिसतं: सुबाक.

सुबाक म्हणजे एका पाटावरच्या शेतकऱ्यांची संघटना. ही पद्धत नवव्या शतकापासूनची. कुणी कधी लावणी करायची, कुणाचं रान कधी पडीक ठेवायचं हे जलमंदिरांत ठरतं, आणि या मंदिरांच्या शिरोभागी बातूर सरोवराच्या देवी दानूचं देऊळ. भाबडेपणा वाटतो ना? सत्तरच्या दशकात सरकारलाही तसंच वाटलं. हरितक्रांती आली, नवं बियाणं आलं, हुकूम सुटला की देवळाचं वेळापत्रक सोडा आणि वर्षभर लागोपाठ भात घ्या. झालं काय, तर वरच्या आणि खालच्या रानांची लावणी एकमेकांशी जुळेना, पाण्याची मारामार, आणि तुडतुडे व रोगराई इतकी की पिकं हातची गेली. कारण पूर्वी एका पट्ट्यातली सगळी रानं एकाच वेळी पडीक राहायची, कीड उपाशी मरायची. स्टीफन लान्सिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने संगणकावर हे मांडून दाखवलं: लावणीचा मेळ जलमंदिरांच्या जाळ्यानं घातला की पाणी आणि कीड या दोहोंचा तोल उत्तम राहतो.

२०१२ मध्ये युनेस्कोने सुबाकला जागतिक वारसा म्हटलं. जातिलुविहला आता पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं बघायला तिकीट काढून लोक येतात. आणि तिकडे चांगू, केरोबोकानला तीच खाचरं बुजवून व्हिला आणि पोहण्याचे तलाव. एक खाचर बुजलं की पाट तुटतो, खालच्याचं पाणी अडतं, मग तोही विकतो. दर्यावर्दी, तुमची १९७१ ची रेघ नाचावर आखली होती. जमिनीवर कुणी आखली?

दर्यावर्दी

माळरान, मुद्दा बिनतोड आहे, पण पूर्ण नाही. जमिनीसाठीही भांडले आहेत लोक. बेनोआच्या खाडीत भराव घालून बेटं उभारायचा घाट होता, तेव्हा २०१३ पासून वर्षानुवर्षं 'बाली तोलाक रेक्लामासी' (बालीला भराव नको) म्हणत मोर्चे निघाले. गावागावाच्या देसा आदातने, म्हणजे गावकीने, विरोधाचे ठराव केले. खाडीत पवित्र जागा आहेत हा त्यांचा एक मोठा आधार होता. भराव झाला नाही. परंपरा नसती तर नुसत्या पर्यावरणाच्या नावाने एवढी माणसं रस्त्यावर आली असती?

तिरकस

एक खाडी वाचली. बाकीचं लेंपुयांगच्या देवळात बघा. फोटोत दुभंगलेलं दार, मागे आगुंग ज्वालामुखी, खाली तळ्यात प्रतिबिंब. तळं नाहीच तिथे! फोटोवाला मोबाइलच्या भिंगाखाली आरसा धरतो. टोकन घेऊन तासन्‌तास रांग, आणि सुमारे १७०० पायऱ्या चढून वरच्या देवळात जाणारे हाताच्या बोटांवर.

माळव्याचो झील

आरसो धरणारो गाववालोच ना? मगे बरां करता! वरचां देऊळ शांत रवता. येड्यांका खालीच अडवल्यान.

आता शुद्ध लिहितो. आमच्या मालवण तालुक्यात आचरा, चिंदर या गावांची गावपळण असते. देवाचा कौल घेऊन सगळं गाव गुराढोरांसकट, कोंबड्यांसकट वेशीबाहेर जातं, तीन दिवस गाव मोकळं. न्येपीचं वाचून मला तेच आठवलं, तिथे माणसं घरात आणि इथे घराबाहेर एवढाच फरक. आता गावपळणीलाही कॅमेरे येतात. राहुट्यांत डोकावतात, म्हातारीला विचारतात 'भूत दिसतं का आजी?' म्हणून मला बालीची तऱ्हा आवडते. २०२५ च्या परिपत्रकात गव्हर्नर वायान कोस्तर यांनी सरळ लिहिलं, पूजेला आला नसाल तर देवळाच्या पवित्र भागात पाय टाकू नका. आमच्याकडे असं म्हटलं तर 'पर्यटनाला मारक' म्हणून बोंब होईल. गोव्यातल्या फोंड्याच्या देवळांत कपड्यांच्या पाट्या लागल्या तेव्हाही कुरकुर झालीच होती.

निशिगंध

झील, पटलं. फक्त त्या परिपत्रकाला दुसरी बाजू आहे. भारतीय माणूस 'मी हिंदू आहे' म्हणत आतल्या आवारात घुसतो, सारोंग, म्हणजे लुंगीसारखं वस्त्र, न नेसता. पेचालांगने अडवलं की हुज्जत. ऑस्ट्रेलियानंतर आता सर्वाधिक पाहुणे आपलेच, त्यामुळे हे वरचेवर घडतं. गोरा माणूस निदान आपण परके आहोत हे धरून चालतो.

गोदाकाठ

हे मात्र मान्य नाही. हिंदूला हिंदूच्या देवळात पूजा करायची असेल तर अडवणारे तुम्ही कोण?

निशिगंध

काका, पूजा करायची असेल तर कुणी अडवत नाही. सारोंग नेसा, कमरेला शेला बांधा, पेमांकू म्हणजे तिथले पुजारी सांगतील तसं बसा, तीर्थ घ्या, ओले तांदूळ कपाळाला लावा. मला कधी कुणी अडवलं नाही. मंडळींना पूजा नको असते, आतला फोटो हवा असतो.

माळरान

माझ्या प्रश्नाला उत्तर आलंच नाही. १४ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पाहुण्याकडून दीड लाख रुपिया घेतात, 'संस्कृती आणि निसर्ग जपायला'. त्यातला ठरावीक हिस्सा खाचर न विकणाऱ्या सुबाकच्या शेतकऱ्याला थेट द्या, मग मी दर्यावर्दींच्या बाजूला येतो.

दर्यावर्दी

थेट पैसे दिले की तो शेतकरी राहील, की खाचर राखायचा पगार घेणारा नोकर होईल? मला वाटतं करमाफी द्यावी आणि पाटाच्या वरच्या अंगाला बांधकामबंदी. पैसे वाटले तर उद्या लावणीचाही प्रयोग होईल, सूर्यास्ताच्या वेळी.

माळरान

होऊ दे प्रयोग. भात तर पिकेल. बांधकामबंदी कागदावर असतेच हो, आमच्या नाशकातही हिरवा पट्टा कागदावर आहे. शेतकऱ्याला व्हिलावाला जेवढं देतो त्याच्या जवळपास तरी काही मिळायला नको?