डोक्याचं हाड काढलंय म्हणजे काय? (सोसायटी ग्रुप, लातूर)

ए-१०४ काका: सी-३०१ च्या पोराला डोक्याला मार लागला, त्याचं अर्ध्या डोक्याचं हाड काढून फ्रीजरमध्ये ठेवलंय म्हणायलेत. ग्रुपवर नीट कुणीच सांगंना. पुण्याला हलवा म्हणून कालच लिहिलं होतं.

बी-२०२ सिस्टर: काका, कवटी म्हणजे बंद डबा. मेंदू सुजला की आधी आतलं पाणी आणि शिरांतलं रक्त बाहेर सरकतं. तेवढी जागा संपली की दाब एकदम चढतो. तो पाऱ्याच्या १५ मिलिमीटरच्या आत हवा, २२ च्या वर टिकला की धोका. डोकं ३० अंश वर, मान सरळ, गुंगी, मेंदूतलं पाणी ओढणारं मॅनिटॉल आणि ३ टक्के मिठाचं सलाईन, सगळं देऊनही उतरला नाही म्हणून हाड काढलं.

डी-४०१: टँकर आलाय, वरची मोटर कुणी बंद केली?

ए-१०४ काका: पुण्याचं बघा आधी.

बी-२०२ सिस्टर: सहा-सात तासांच्या रस्त्यात श्वास कमी पडला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि दाब परत चढतो. आत्ता हलवू नका.

सी-१०३ वहिनी: एवढं मोठं हाड कशाला काढलं पण?

बी-२०२ सिस्टर: वहिनी, किमान १२ बाय १५ सेंटिमीटर लागतं. भोक लहान ठेवलं तर सुजलेला मेंदू त्याच्या कडेवर चेपतो, शिरा दबतात, सूज अजून वाढते. कानाजवळ तर अगदी खालपर्यंत काढतात. आतलं आवरणही उघडून सैल ठिगळ लावतात.

बी-३०३: स्टेरॉइड द्यायला सांगा, सूज उतरते. माझ्याकडं मेसेज आलाय.

बी-२०२ सिस्टर: नाही भाऊ. डोक्याच्या मारात स्टेरॉइडनं मृत्यू वाढले, हे २००४ च्या ‘क्रॅश’ नावाच्या, पेशंटवर केलेल्या औषध चाचणीत दिसलं. तो मेसेज पुढं पाठवू नका.

बी-३०३: कुणी काही सुचवायचंच नाही का मग इथं?

डी-४०१: मोटर!!

सी-१०३ वहिनी: शुद्धीवर येईल ना पोरगं?

बी-२०२ सिस्टर: खोटा धीर देत नाही. याच ऑपरेशनच्या २०१६ च्या ‘रेस्क्यू आयसीपी’ नावाच्या चाचणीत सहा महिन्यांत फक्त औषधांवर ठेवलेले ४९ टक्के गेले, हाड काढलेले २७ टक्के. पण वाचलेल्यांत अंथरुणाला खिळलेलेही जास्त होते. ऑपरेशन दाब उतरवतं, मेलेला भाग जिवंत करत नाही. भेटायला जाल तेव्हा हाड नसलेल्या बाजूला हात लावू नका, त्या कुशीवर वळवू नका. घरी आल्यावर उठता-बसता हेल्मेट. सूज उतरली की काही आठवड्यांनी-महिन्यांनी हाड परत बसवतात, ते खराब झालं तर टायटॅनियमची जाळी.

ए-१०४ काका: बरं. पुण्याचं राहू द्या. रात्री पोराच्या वडलांजवळ कोण थांबणार? मी नऊला डबा घेऊन निघतोय.

डी-४०१: काका, मी येतो गाडी घेऊन.