२२ इंची मॉनिटर आणला, पण पुस्तकाचं पान कापलं जातंय

मुद्रितशोधक: मी घरून मराठी पुस्तकांची मांडणी करते, प्रुफंही तपासते. माझा जुना १९ इंची चौकोनी मॉनिटर (१२८० × १०२४ ठिपके, म्हणजे पिक्सेल) गेल्या महिन्यात बंद पडला. "ताई, २२ इंची घ्या, तीन इंच मोठा," असं दुकानदार म्हणाला. घरी येऊन पट्टी लावली. जुन्याची उंची ३०.१ सेंमी होती, याची २६.८! रुंदी मात्र ३७.७ वरून ४७.६ झालीय.

डेमी पान १४ × २१.६ सेंमीचं. मी ते सव्वापट करून बघते, कारण रफार, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ उकार त्याहून लहान दिसले की चुका निसटतात. जुन्यावर समोरासमोरची दोन पानं अशी पूर्ण बसायची. दोन्हीकडच्या शेवटच्या ओळी एका रेषेत आहेत का, एखादी ओळ एकटी पुढच्या पानावर गेलीय का, ते एका नजरेत कळायचं. आता पानाचा तळ दिसत नाही आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा सेंमी जागा रिकामी. दिवसभर नुसतं वरखाली सरकवत बसते. काय घेऊ? २४ इंची?

जुना_हार्डवेअरवाला: ताई, इंच मोजतात ते तिरके, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. स्क्रीन जितकी आडवी ताणली तितकी त्याच इंचात उंची कमी. हल्लीचा साधा २४ इंची (खरा २३.८) २९.६ सेंमीच उंच असतो, म्हणजे तुमच्या जुन्या १९ इंचीपेक्षाही थोडा बुटका. २००८ ते २०१० च्या सुमारास कंपन्या १६:१० (रुंदी:उंची) सोडून टीव्हीच्या १६:९ मापावर गेल्या. काचेचे मोठे पत्रे टीव्हीच्याच मापात कापले की पॅनेल स्वस्त पडतं. तुम्ही १९२० × १२०० (आडवे × उभे ठिपके, हेच १६:१०) वाला २४ इंची बघा, उंची ३२.३ सेंमी. डेल आणि आसुस अजून काढतात. थोडा महाग पडेल, पण तुमच्या कामाला तोच.

कोकणातला_डीटीपी: आधी आहे तोच उभा फिरवून बघा. स्टँड फिरत नसेल तर मागे बहुधा चार भोकं असतात, तिथे ब्रॅकेट लागतो. पॅनेल आयपीएस (कुठूनही बघा, रंग सारखेच) हवं, टीएन (स्वस्तातला जुना प्रकार) असेल तर उभं केल्यावर बाजूने रंग फिके दिसतात. आणि विंडोज १० असेल तर टास्कबार डावीकडे उभा लावा, तेवढीच उंची मिळते.

मुद्रितशोधक: दोघांचे आभार. टास्कबार लगेच हलवला, सेंटिमीटरभर जागा मिळाली. मॉनिटर पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून उभाही करून पाहिला. एकेरी पानाचं प्रूफ फार सुंदर दिसतं, अक्षर जवळजवळ दुप्पट! पण जोडपानाला खऱ्या मापातसुद्धा २८ सेंमी रुंदी लागते, ती उभ्यात मिळत नाही. आणि माझं निम्मं काम जोडपानांचंच. दुकानदार वरचे पैसे घेऊन बदलून द्यायला तयार आहे. उद्या पट्टी घेऊन जाते. खोक्यावर १२०० आकडा दिसला तरच उचलेन.