फिजिऑलॉजी शिकवायला सिम्युलेटर हवाच का?

फिजिओवाली:
मेडिकलच्या फर्स्ट इयरला फिजिऑलॉजी (शरीराचं काम कसं चालतं ते) शिकवते. आमच्या स्किल लॅबमधला श्वास घेणारा, नाडी लागणारा पुतळा, म्हणजे सिम्युलेटर, इंटर्न्ससाठी राखून ठेवलाय. माझं म्हणणं, तो पहिल्याच वर्षी द्या. सत्तर किलोच्या माणसात साधारण ५ लिटर रक्त. पुतळ्यातून त्यातलं लिटरभर 'काढलं' की नाडी शंभरच्या वर जाते, वरचं बीपी मात्र जागचं हलत नाही, खालचं थोडं चढतं. पोरं म्हणतात, "मॅडम, बीपी तर नॉर्मल आहे!" बॅरोरिसेप्टर, म्हणजे बीपी घसरू लागलं की ओळखून नाडी वाढवायला लावणारे धमन्यांमधले संवेदक, शिकवायचे ते त्या क्षणी. मग तोच रक्तस्राव बीटा ब्लॉकर (नाडी वाढू न देणारं औषध) घेणाऱ्या पेशंटला: रक्त जातंय, नाडी ढिम्म, बीपी आधीच कोसळतं. फळ्यावर बाण काढून हे डोक्यात शिरत नाही.

जुनं खोड:
असहमत. पुतळ्याच्या पोटात आहे काय? समीकरणं. फिजिऑलॉजिस्ट गायटन आणि सहकाऱ्यांनी १९७२ साली रक्ताभिसरणाचं भलंमोठं गणिती मॉडेल मांडलं, त्याच वळणाची. म्हणजे पुस्तकातलंच मॉनिटरवर. त्यापेक्षा पोरांना एकमेकांवर करू द्या. दहा मिनिटं आडवं झोपवा, नाडी मोजा, झटकन उभं करा. एकाची आठाने वाढते, दुसऱ्याची पंचविसाने, तिसरीला गरगरतं. असं का, हे मग पोरंच विचारतात. मिनिटभर हात बर्फाच्या पाण्यात बुडवून बीपी बघा. खर्च फक्त बर्फाचा.

फिजिओवाली:
ते आम्ही करतोच, सर. पण वर्गमित्राचं दीड लिटर रक्त काढणार का? पूर्वी अशी प्रात्यक्षिकं कुत्र्यांवर व्हायची. ती गेली, बेडूकही गेले, बरंच झालं. आता मुलं छापील ग्राफ जर्नलात चिकटवतात. याला प्रॅक्टिकल म्हणायचं?

सप्लीवीर:
विद्यार्थी बोलतोय. बॅच दीडशेची, पुतळा एक. गट पाडले तरी पुढचे चार बघतात, मागचे मोबाईलवर. शिवाय व्हायवाला (तोंडी परीक्षेला) पुतळा येत नाही, ग्राफ येतो. परीक्षा बदला, मग आम्ही पुतळ्याच्या उशाशी बसू.

भूलवाला:
हे पुतळे मुळात आमच्या भूलशास्त्रातले. 'सिम वन' १९६७ च्या सुमारास सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झाला, तो भूल देणाऱ्यांना श्वासनलिकेत नळी घालायचा सराव व्हावा म्हणून. मी वापरतो आणि मला आवडतोही. पण रक्त गेलेला पेशंट मी आधी हातानं ओळखतो: गार, घामेजलेला तळवा, नख दाबून सोडलं तर रंग परतायला वेळ. बहुतेक पुतळ्यांचे हात गार पडत नाहीत. अठरा वर्षांच्या पोराला पहिल्याच वर्षी स्क्रीनकडे बघायची सवय लावली, तर नंतर वॉर्डात ती मोडायची कोणी? आम्हीच ना!

फिजिओवाली:
म्हणून मी सुरुवातीला मॉनिटरवर कापड टाकते. आधी मनगटावर नाडी घ्या, काय चाललंय ते बोला, मग कापड काढा. निम्मे चुकतात, आणि तेच चुकलेले पुढच्या तासाला प्रश्न घेऊन येतात.

जुनं खोड:
कापडच टाकायचं तर पुतळा कशाला? वर्गमित्राला मनगट होतंच की.

फिजिओवाली:
वर्गमित्राला रक्तस्राव कधी होणार ते कळवा, टाइमटेबलात टाकते.